आईसाठी चाळीस मिनिटं

तिकिटाच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद होता. बाई पर्समध्ये उगीचच काहीतरी शोधत ऐकू लागल्या.

"बघ, मिनिटामिनिटाचं ठरवलंय. प्रवासात डोक्याला ताप नको."

"धबधब्याला तीन तास, आणि माझ्या आईला चाळीस मिनिटं?"

"चहा होतो की तेवढ्यात!"

"अहो, दोन वर्षांनी भेटतेय मी तिला. खुर्चीतून उठून दारापर्यंत यायलाच तिला दहा मिनिटं लागतात."

"मग फोन करून आधीच दारात बसवून ठेव. वेळ वाचेल."

"वा! पार्सल उचलायला चाललोय का आपण? आणि हा दीड तास कसला?"

"ऐनवेळच्या अडचणींसाठी राखून ठेवलाय."

"आणि अडचण आलीच नाही तर?"

"तर हॉटेलवर आराम."

तेवढ्यात खिडकी आली.

"कुठलं तिकीट?"

"ह्यांना धबधब्याचं एक द्या. मला शेवटच्या थांब्याचं, आईकडचं."

"अगं, हे कागदावर कुठंय?"

"ऐनवेळच्या अडचणीत लिहा मला. दीड तास आहेच तुमच्याकडे, बसा सोडवत."