कोरा बर्फ

पहाटेच्या थंडीने झालेल्या खोकल्यावर औषध घ्यायला नागुमो जपानच्या होक्काइदो बेटावरल्या एका खेड्याच्या दवाखान्यात बसला होता. समोर म्हातारा शेतकरी किसाकु आणि त्याची शेजारीण ताएको बोलत होते.

“किसाकुभाऊ, वहिनी पडल्या कुठे?”

“रस्त्यावर, घसरून. गोठ्यात निघाली होती.”

“गोठा तर तुमच्या शेतापलीकडेच आहे. रस्त्याने कशाला गेल्या?”

“शेतातून गेलं की फोटोवाले ओरडतात. ‘आजी, पाऊल टाकू नका, बर्फ खराब होतो!’”

“कुणाचा बर्फ?”

“माझाच. त्यांना माझं एकटं झाड हवं आणि भोवती कोरा बर्फ. फोटोत जितकं कमी, तितका तो चांगला म्हणे.”

“मग गाईही कमी करा म्हणतील एक दिवस.”

“आज तिने रस्ता धरला, तर एकाने कमरेत वाकून आभार मानले. भला माणूस वाटला.”

नागुमोने कॅमेऱ्याची पिशवी पायाने खुर्चीखाली सारली.

दार उघडून किसाकुची बायको शिझुए बाहेर आली. एक पाय प्लास्टरमध्ये, काखेत दोन कुबड्या.

“अहो, उद्यापासून मी शेतातून सरळ जाणार.”

“आणि ते ओरडले तर?”

“ओरडू देत. त्यांच्या कॅमेऱ्याच्या तिपाईला तीन पाय, आता मलाही तीन.” तेवढ्यात तिची नजर नागुमोवर गेली. “अगंबाई, सकाळी आभार मानणारे तुम्हीच ना? फोटो चांगला आला का हो?”