वहिनींनी दिलेला डबा

हॅलो?… हॅलो, प्रेमा? हां, बोल गो… नाही, शुक्रवार ना आज, सुट्टी. खोलीवरच आहे. कुवेतच्या या मीना अब्दुल्लातून जाणार कुठे?

काय? परत बागेतल्या पंपाची वायर कापली?… कापू दे. नवीन टाक… पाण्यात राहून माशाशी वैर? अगो, मासा तुरुंगात आहे आता! शेठची बाग, बंगला सरकारने जप्त केला नि रीतसर तुमच्या बचत गटाला काजूच्या कारखान्यासाठी दिला. चोरून घुसला नाहीत तुम्ही… हो, हो, त्याची माणसं मोकळी आहेत, माहीत आहे मला… बंगल्याची किल्ली परत द्या, असा निरोप? त्याच्या बापाची नाही ती!… गटातली सुनंदापण कामाला येईनाशी झाली?… मग एकटी फोड काजू. पण किल्ली सोडायची नाही. त्या शेठने गावची पोरं चोरट्या दारूच्या गाड्यांवर लावली, माझा भाऊ त्यातच गेला… रडू नकोस गो. मी आहे ना पाठीशी.

आणि हो, काजू मस्त होते हां! अख्ख्या खोलीला वाटले. म्हटलं, खा, आमच्या हिच्या कारखान्यातले…

कुठले म्हणजे? तू पाठवलेला डबा!… नाही पाठवलास?… थट्टा पुरे. तुमचंच लेबल होतं… अगो, तो प्रीतम म्हणून आला होता ना, आपल्याकडचाच. 'वहिनींनी दिलाय,' म्हणाला… मी कशाला विचारू? गावचा माणूस डबा घेऊन आला, त्याला चहा पाजायचा की पुरावा मागायचा?… उंच. हळू बोलतो. भुवईवर व्रण…

शेठचा ड्रायव्हर?

प्रेमा… थांब. समिधा कुठाय?… शाळेत. सुटली नाही ना अजून?… ऐक ना! निघताना त्याने विचारलं, घरी काही द्यायचंय का. सगळेच विचारतात गो! मी पोरीसाठी चॉकलेटं दिली. 'तिच्याच हातात देतो,' म्हणाला… शाळा कुठली, कुठल्या वाटेने येते, सगळं मीच सांगितलं. वर फोटोपण दाखवला… कालच्या विमानाने गेला तो. पोचला असेल.

शिव्या घाल, हव्या तेवढ्या घाल, पण आधी जा. रिक्षा कर, तिला घेऊन ये… आणि तो भेटला ना, तर किल्ली देऊन टाक त्याला… हो, मीच सांगतोय… गटातल्या बायकांना काय सांगायचं?…

सांग, नवरा घाबरला.

पळ आता. ठेव फोन… ठेव गो… बरं, मीच ठेवतो.