पाटी लाल झाली तेव्हा

...नाही, तुम्हीच सांगा, वीज वाचवा एवढं सांगायला सभागृहातले झाडून सगळे एसी लावायची काय गरज होती? चार पंखे लावले असते तर कोणी विरघळणार होतं का? पण नाही. ‘सर, पाहुण्यांना घाम यायला नको,’ इति आमचे विभागप्रमुख. अहो, घाम मला येत होता! एवढ्या गारठ्यात, कोटाच्या आत, एकट्या मला.

तुम्ही म्हणाल, याला कसला एवढा घाम? तर तुम्हाला सांगतो, मी विद्यापीठात शाश्वत विकास शिकवतो. कायम नाही हो, करारावर. विषय आहे तोवर मी आहे. आणि विषय ठेवायचा की गुंडाळायचा, ते त्या दिवशी कार्यक्रमाला आलेल्या विद्यापीठाच्या समितीच्या अध्यक्षबाई ठरवणार होत्या. तक्रार काय, तर असा विषय आहे हेच कोणाला ठाऊक नाही. विभागप्रमुख महिनाभर माझ्या कानीकपाळी ओरडत होते, ‘प्रसार करा सर, प्रसार! संशोधन केलं म्हणता ना, मग ते दिसू द्या की!’

दिसू दिलं. मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी खपून एक पाटी केली, विजेची. सभागृह या घडीला किती वीज खातंय, तो आकडा तिच्यावर झळकतो. साठ किलोवॅटपर्यंत हिरवा, साठच्या वर लाल. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला अवदसा आठवली. आकडा लाल झाला की वाजायला मी तिला बझर बसवला. बायको म्हणालीसुद्धा, ‘अहो, लाल दिसतंय ना, मग आवाज कशाला? ओरडायला घरात कुकर आहे, मी आहे.’ ऐकलं का मी? ज्याला शिकवायची सवय असते ना, त्याला ऐकायची नसते.

तर पाटी लावली स्टेजच्या बाजूला, पार शेवटच्या रांगेतून दिसेल अशी. पाहुणे आले, एसी लागले, स्टेजवरचे दिवे लागले, पडद्यावर हिरवीगार पृथ्वी फिरायला लागली... आणि पाटीकडे बघितलं, तर आकडा चढतोय. फोटोग्राफर म्हणाला, ‘उजेड कमी पडतोय,’ आणि त्याने आपले दोन भलेमोठे दिवे पेटवले. अरे बाबा, उजेड तुला कमी पडतोय, अंधार माझ्या डोळ्यांपुढे येतोय! आणि पाटीकडे बघितलं, तर आकडा चढतोय.

वायरमन माझ्या मागे येऊन कुजबुजला, ‘सर, काढू का वायर? कुणाला कळणार नाही.’ आता काय सांगू? वायर काढावी तर दाखवायला उरतं काय? ठेवावी तर भर सभेत माझीच पाटी माझ्याच नावाने बोंब मारणार. ‘थांब जरा,’ म्हटलं. आयुष्यात मला नेहमी एवढंच सुचतं. थांब जरा.

तेवढ्यात कुलगुरू बोलायला उभे राहिले. आमचे कुलगुरू उभे राहिले की लोक घरी फोन करतात, ‘तुम्ही जेवून घ्या.’ ते खाकरले आणि म्हणाले, ‘आदिमानवाने जेव्हा प्रथम अग्नी पाहिला...’ म्हणजे बघा! आदिमानवापासून माझ्या पाटीपर्यंत यायचं होतं, आणि मधे सगळी मानवजात! आणि पाटीकडे बघितलं, तर आकडा चढतोय. अठ्ठावन्न. एकोणसाठ. इतक्यात मागच्या टेबलावर कँटीनवाल्याने चहाची विजेची किटली लावली.

बझर वाजला. असा वाजला, की पुढच्या रांगेतले डुलक्या घेणारे सरळ बसले.

संपलं, म्हटलं. आता घरी जाऊन काय सांगायचं, त्याची जुळवाजुळव सुरू केली. आणि कुलगुरू काय करतात? ते थांबले. घड्याळाकडे बघितलं. कॉलेजची सगळी वर्षं वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला माणूस तो, बेल वाजल्यावर बोलायचं नसतं हे हाडात मुरलेलं. म्हणाले, ‘वेळ झाली. वेळ ही पाळलीच पाहिजे. धन्यवाद,’ आणि चक्क खाली बसले. मग टाळ्यांचा असा कडकडाट, की तो आदिमानवापर्यंत ऐकू गेला असेल.

अध्यक्षबाईंनी पाटीकडे बघितलं. पाटी लाल. माझ्याकडे बघितलं. मी पांढरा.

‘हे यंत्र तुमचं?’

‘हो मॅडम.’

‘वीज जास्त झाली की वाजतं?’

‘हो.’

‘आणि भाषण थांबतं?’

‘ते... आजच कळलं, मॅडम.’

‘विषय चालू ठेवा,’ बाई म्हणाल्या. ‘इतकं उपयोगी संशोधन मी अजून पाहिलेलं नाही.’

सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण आता काय झालंय, सगळ्या विभागांना कार्यक्रमासाठी तेच सभागृह हवं असतं. वक्ता जरा रंगात आला, की मागून कोणीतरी हळूच उठतं आणि बंद असलेला एसी लावतं. दुसरा उठतो, दिवे लावतो. परवा तर खुद्द विभागप्रमुखांनी किटलीचं बटण दाबलं, ‘घसा बसलाय, चहा हवा,’ म्हणत. किटलीत घोटभर पाणी नव्हतं हो! आणि पाटीकडे बघितलं, तर आकडा चढतोय.

पाटी लागल्यापासून विजेचं बिल दुप्पट झालंय. आणि ते का झालं, याचा अभ्यास करायला विद्यापीठाने मलाच मुदतवाढ दिलीय. म्हणजे आता वीज वाचली, की माझी नोकरी गेली. रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आता काही झालं तरी तो बझर काढू नका.’