दोन इंच सैल

—नाही नाही, श्वास ओढून धरू नका साहेब, पोट आत घेऊन माप दिलंत की महिन्याभरानं तुम्ही मलाच शिव्या घालणार. हं, असं. छत्तीस. आणि तुम्ही म्हणताय अडतीस ठेवा — ठेवतो, गिऱ्हाईक म्हणेल ते — आसनही सैल, कापड काळं, तिन्ही पँटी काळ्याच. आणि मी टेप पुढून घेतला तर दोन पावलं मागे सरलात. सरलात ना? अहो, लाजता काय! पस्तीस वर्षं लोकांच्या कमरा मापतोय मी, कापडाखाली काय आहे ते बोटांना कळतं. पॅड आहे. ऑपरेशन कधी झालं? दोन महिने? मग अजून गळणारच. बसा. त्या स्टुलावर बसा, त्याला रेक्झीन आहे, काही होत नाही. मुद्दाम घातलंय ते — माझ्यासाठी.

तर काय! हो, माझंही. प्रोस्टेट. तेच. तीन वर्षं होतील आता. कॅन्सर गेला, सगळा गेला, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात — आणि लघवीची नळी काढली त्या दिवशी हा नशीबवान माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मोज्यापर्यंत भिजला. खोकलो की गेलं, हसलो की गेलं. आणि आमचा धंदा कसला? वाकायचा! गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसून पँटीची मोहरी मापायची — एकदा असाच बसलो आणि उठलोच नाही, तो जाईपर्यंत खाली टाचणी शोधत राहिलो. टाचणीबिचणी काही नव्हती हो. मग स्वतःसाठी काळ्या पँटी शिवल्या, कमरेला दोन इंच सैल, आतून दुहेरी अस्तर. म्हणून तर तुमचं माप ऐकलं आणि ओळखलं. व्यायाम सांगितलाय ना तुम्हाला? लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. करा. कंटाळू नका. मी मशीनवर बसून करायचो, एक शिवण, एक आवळणं — आठव्या महिन्यात पार कोरडा झालो. तुमचंही होईल, ते काही एवढं मोठं नाही.

दुसरं? विचारा की, त्यात काय. त्याला वेळ लागतो. आतल्या नसा दुखावलेल्या असतात, वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त — गोळ्या आहेत, पंप आहे, डॉक्टर सगळं नीट सांगतात. मला म्हणाले होते, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या, दोघांशी बोलायचंय. आणि मी काय केलं? एकटाच गेलो. म्हटलं, तिला बरं नाही. अहो, ठणठणीत होती! डॉक्टर म्हणाले, होत नसेल ते नसू दे, पण जवळ घेणं सोडू नका, एका अंथरुणात झोपा, हात हातात घ्या. आणि घरी येऊन मी तिला सांगितलं — हे मी अजून कुणाला बोललो नाही, तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक — सांगितलं, डॉक्टरांनी दोन वर्षं जवळ यायला बंदी केलीय. आतले टाके नाजूक आहेत. का? भीती, दुसरं काय! अंथरूण भिजेल ही एक, आणि तिनं अंगावर हात टाकला आणि मी नुसता ओंडक्यासारखा पडून राहिलो तर — ही दुसरी. एकतीस वर्षांचा संसार, तरी लाज वाटली मला तिची.

आणि तिनं मानलं हो ते! मला वाटलेलं, भांडेल, चार प्रश्न विचारेल. छे. त्याच दिवशी आपली गादी उचलून पलीकडच्या खोलीत नेली. चहा हातात द्यायची, तो टेबलावर ठेवायला लागली. जिन्यात एकदा माझा तोल गेला, तर धरायला पुढे आली आणि हात तसाच मागे घेतला. मी पाहिलं ते. पाहिलं आणि गप्प बसलो — तेव्हा तर मी कोरडाही झालो होतो! म्हटलं, दुसरं जमायला लागलं की सांगू. आज सांगू, उद्या सांगू. रोज तेच.

मग रक्ताचा रिपोर्ट आणायला ती गेली. कामाची घाई होती, मीच पाठवलं, मूर्ख माणूस. तिनं डॉक्टरांना विचारलं, दोन वर्षं झाली, आता मी यांच्या शेजारी बसले तर चालेल का? शेजारी बसले तर, साहेब! एवढंच विचारलं तिनं. डॉक्टर म्हणाले, बसू नका असं तुम्हाला सांगितलं कुणी? घरी आली. रिपोर्ट टेबलावर ठेवला — चांगला होता रिपोर्ट — आणि म्हणाली, "अहो, दोन वर्षं मला वाटत होतं, माझा हात लागला तर तुम्ही मराल." रडली नाही, ओरडली नाही. लेकीचं बाळंतपण होतं, आठवड्यानं तिकडे गेली. बाळ आता बसायला लागलंय. ही काही परत आली नाही.

आणि नशिबाची थट्टा बघा — गेल्या महिन्यात सकाळी जाग आली तर — कळलं ना? हो. आपोआप. गोळी नाही, काही नाही. एवढ्या वर्षांनी. इतका आनंद झाला मला, एवढा थेरडा मी, अंथरुणातूनच हाक मारली तिला, मोठ्यांदा, "अगं ए, ऐकलंस का!" — आणि घर आपलं गप्प. रडलो हो मी. पालथा पडून रडलो, उशी तोंडात धरून.

काय? बोलावून घ्या म्हणता? काय सांगून बोलावू? मी बरा झालो, आता ये? तिला काय वाटेल — ह्याचं जमायला लागलं, म्हणून आठवण झाली. बरा नव्हतो तेव्हा बोलवायला हवं होतं तिला. पलीकडच्याच खोलीत तर होती. दहा पावलं नव्हती मधे.

नाही, समजूत घालू नका माझी. उठा. पँटी मंगळवारी मिळतील. आणि तुमच्या घरी तुम्ही काय सांगितलंय, ते मला ऐकायचं नाही — जा, घरी जा.