भिंतीवरच्या ओल्या चादरी

हॅलो?... हॅलो, ग्रेचेन? हो, हो, मीच, लोर्ना... अगं हळू बोलतेय, कारण आई पलीकडच्याच खोलीत आहे... हो, आईकडेच. सकाळी आले. रस्ताभर बर्फ, गाडी नुसती घसरत होती...

नाही, वृद्धाश्रमाची गाडी अजून आली नाही. जेवणानंतर येतो म्हणालेत ना ते... अगं ऐक ना. आधी माझं ऐक. तू म्हणत होतीस तेच खरं निघालं, आईला आता एकटं नाही ठेवता येणार. भिंत पाहिली मी.

शेजारच्या वेंडेलच्या घराकडची गं. बाबांनी बाहेरून त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या होत्या ना, त्या वितळल्यात. हो, वितळल्यात! लोंबतायत. मेणबत्ती ओघळते ना, तशा...

थंडीने कशा वितळतील? थंडीने तडकतात त्या. तुला तिकडे ॲरिझोनात बसून कळायचं नाही, इथे नाक गळून पडेल अशी थंडी आहे... जाळल्यात त्या. तिनेच. दुसरं आहे कोण घरात?

कशाने ते काय माहीत! काडेपेटी असेल, बाबांचा तो शेगडी पेटवायचा लायटर असेल... सगळं गोळा केलं आणि माझ्या गाडीत नेऊन टाकलं. गॅसची बटणंसुद्धा काढून घेतलीत. हो, पर्समध्ये आहेत. हसू नकोस गं... मला भीती वाटतेय, ग्रेचेन. खरंच वाटतेय. सगळं घर लाकडाचं. एखाद्या रात्री ती झोपलेली असताना... नको, बोलवतही नाही.

आता कसं दिसलं म्हणजे? चादरींनी झाकलेलं होतं ना सगळं! हो, त्याच चादरी. वेंडेलने तुला फोन करून सांगितलं त्याच. त्या भिंतीला दोरी बांधलीय तिने, आणि रोज दुपारी ओल्या चादरी टांगते तिच्यावर. फेब्रुवारीत! बघता बघता दगड होतात त्या. मी सकाळी काढल्या सगळ्या. घडी होईना, तशाच फळ्यांसारख्या गॅरेजमध्ये उभ्या केल्या... मग? ती माणसं न्यायला येणार, त्यांनी हे बघायचं? काय म्हणतील?

आई ना... बघत होती. मग म्हणाली, एक तरी राहू दे, लोर्ना. ये, दुसरं टोक धर... हो ना! दुसरं टोक धर म्हणे! मी कशाला धरू? तिच्या वेडात मी पण सामील होऊ? ओरडले मी तिच्यावर... कळतं गं, नको होतं ओरडायला. पण मीही माणूसच आहे ना?

तेच. तेच पालुपद. भिंत जळते. ऊन असलं की जळते, ढग असले की नाही जळत... आता त्या भिंतीला जन्मात कधी ऊन लागलंय का, तूच सांग! सावलीची बाजू ती. लहानपणी आपण तिथे आइस्क्रीम घेऊन बसायचो...

विचारलं ना वेंडेललाही. तो म्हणाला, मी रोज खिडकीतून बघतो, तिथे कुणी येत नाही की जात नाही, तुझी आईच बादली घेऊन उभी असते. काळजीने सांगत होता बिचारा. कालच तिच्या दारातला बर्फ काढून दिला त्याने, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आणून दिला. मला घर दाखवलं, नव्या खिडक्या दाखवल्या, घरात काय ऊब टिकते म्हणे आता... हो, हो, माणूस चांगलाच आहे. कोण नाही म्हणतंय?

थांब... एक मिनिट थांब.

काही नाही, आवाज आला. टक... टक, टक... स्वयंपाकघराच्या, वेंडेलकडच्याच भिंतीतून. तुला येतोय का ऐकू? पाइप नाही गं, पाइप पलीकडच्या बाजूला... आणि वास येतोय. प्लास्टिक जळल्याचा.

आई! आई, कुठे आहेस तू? बस, बस तिथेच. हात दाखव बघू. दोन्ही... काही नाही तिच्या हातात. नुसते हातमोजे. कोट घालून बसलीय, गळ्यापर्यंत बटणं लावून.

ग्रेचेन... ती इथे माझ्यासमोर बसलीय. मग बाहेर कोण आहे?

ठेवू नकोस! फोन ठेवू नकोस तू. बाजूच्या दाराने बघते मी... एकटी नको जाऊ काय म्हणतेस, आहे कोण इथे? वेंडेल तळ्यावर गेलाय, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला असेल... पोलिसांना काय सांगू, भिंतीतून आवाज येतो? आईबरोबर मलाही नेतील. तू बोलत राहा फक्त. काहीही बोल...

दार उघडत नाहीये. बर्फ साचलाय खाली... हं. निघालं.

कुणी नाही.

कुणीच नाहीये गं. बर्फात पाऊलसुद्धा नाही, सकाळची माझीच आहेत तेवढी... अरे देवा. ग्रेचेन, भिंत हलतेय.

वेडी नाही झाले मी! डोळ्यांसमोर पट्टी खाली वाकतेय. आपोआप! कुणी हात लावत नाहीये तिला... मागचा काळा कागद दिसायला लागलाय. आणि तिच्यावर उजेड पडलाय, एक लांबट पट्टा, बघवत नाही असा. खालचा बर्फही तेवढाच गेलाय. तेवढ्यापुरतं गवत दिसतंय, गवत! फेब्रुवारीत!

हात लावून बघते... आई गं!... नाही, नाही, ठीक आहे मी. चटका बसला. तव्यासारखं तापलंय.

कुठून म्हणजे... थांब, मागे वळून बघू दे...

वेंडेलची खिडकी. वरची, नवीन. अख्खा सूर्य आहे तिच्यात, ग्रेचेन, डोळे दिपले माझे... अगं सूर्य आपल्या घरामागे आहे, पण त्या काचेवर पडतोय आणि काच थंडीने आत दबून खोलगट झालीय वाटतं, सगळं ऊन एकवटून इथे फेकतेय. आठवतं, तू भिंग धरून बाबांच्या पेपरला भोक पाडलं होतंस? तसं. तस्संच.

म्हणजे आईने नाही जाळलं. ऐकतेस ना? आईने काहीच केलं नाही गं...

धूर! ग्रेचेन, धूर निघतोय! दाराजवळचं ते नाताळचं फांद्यांचं कडं, काढलंच नव्हतं कुणी, वाळून कोळ झालंय... उजेड सरकला त्याच्यावर! ओढतेय, तार अडकलीय... आई, मागे हो! तू कशाला आलीस बाहेर? मागे हो म्हणते ना!... निघालं. निघालं, टाकलं बर्फात. तुडवतेय... हो... हो. विझलं वाटतं.

अगं कुठलं संपतंय! उजेड आता दाराच्या चौकटीवर आलाय. लाकूड आहे ते. मी मध्ये उभी राहते, पाठीवर घेते... जाड आहे कोट, काही होत नाही... कोणीतरी इस्त्री टेकवल्यासारखं वाटतंय. आणि हे रोज होत होतं, ग्रेचेन. हिवाळाभर. ऊन पडलं की ही एकटी बादली घेऊन धावत असेल, आणि आपण फोनवर विचारायचो, आई, गोळ्या घेतल्यास का?

आज चादर असती तर हे कडं पेटलंच नसतं. मी काढल्या त्या. मीच.

काय आणलंस, आई?... चादर आहे तिच्या हातात. ओली. आंघोळीच्या टबात भिजवून ठेवली होती म्हणते. मी एवढी ओरडले तरी भिजवून ठेवली होती...

थांब, ती काहीतरी विचारतेय... आई, परत बोल... विचारतेय, तुला पण दिसतंय का?

हो, आई. दिसतंय मला. मलाही दिसतंय.

रडतेय गं ती. इतक्या दिवसांत टिपूस नव्हतं काढलं... आणि ती बॅग. दारात तिची भरलेली बॅग आहे, मला वाटलं तू सांगून भरून घेतलीस... नाही? मग तिनेच भरलीय. म्हणतेय, तुम्ही दोघी म्हणालात, वेंडेलही म्हणाला, म्हणजे माझंच डोकं गेलं असणार. माझ्यामुळे घर नको जळायला. म्हणून निघाले होते मी.

ग्रेचेन? आहेस ना?... रडू नकोस. आत्ता नको, मग रड. वृद्धाश्रमात फोन कर. कागदांवर सही तू केलीयस, तुझंच ऐकतील ते... पुढचं पुढे बघू नाही, आत्ता! हो, विसरते ती. चष्मा फ्रिजमध्ये ठेवते. ठेवू दे! पण घर जळतंय हे एकटीला तिलाच कळलं होतं ना?

अगं, कोपऱ्यावर गाडी वळली. पांढरी. तीच... आई, तिकडे नको जाऊ! चादर कशाला खाली ठेवतेस? राहू दे ती बॅग! कुठेही जायचं नाहीये तुला... नाही, मला नाही बोलता येणार त्यांच्याशी, मी हलले की उजेड दारावर...

करतेस? नक्की? शपथ घे... बरं. बरं, मग ठेव हा. ठेव लवकर, मलाही दोन्ही हात लागणारेत... कशाला म्हणजे? चादरीला! परत उचलून धरून उभी आहे ती, पाणी गळतंय, बोटं लाल झालीत...

आले, आई. दे ते टोक इकडे.