तीन वेळा कल्हई

सलील : थांब, मुग्धा. आधी सांग, मानिक चौकातला कल्हईवाला मला ‘मैडम का पतीला तैयार है’ असं का म्हणाला?

मुग्धा : कौन-सी मैडम? झाशीत मॅडम कमी आहेत का?

सलील : पातेल्यावर माझ्या काकूचं नाव कोरलंय. सौ. अनुसूया दत्तात्रेय, गुरसराय. अशा किती असतील?

मुग्धा : अजून काय म्हणाला?

सलील : विचारत होता, ‘भैया, इसमें पकाते क्या हो? साल भर में तीन बार कल्हई उड़ गई.’ मी म्हटलं, प्लास्टिक. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

मुग्धा : बस ना यार. सांगते.

सलील : लॅबमधलं काचेचं भांडं फुटलं, नव्याची फाइल ऑफिसात अडकली, म्हणून घरचं पातेलं आणलं. तात्पुरतं. उसाच्या साखरेपासून केलेलं आम्ल त्यात, वर आपला उत्प्रेरक, शेंगांच्या टरफलांचा कोळसा. झालं प्लास्टिक. धातूचा कणही न वापरता! हे मी दोन परिषदांत सांगितलंय.

मुग्धा : कोळसा काहीच करत नाही, सलील. आम्ल कल्हई खातं. सगळं काम त्या कल्हईतलं कथील करतं.

सलील : कथील. जे सगळे वापरतात. जे टाळण्यासाठी मी पाच वर्षं टरफलं जाळतोय.

मुग्धा : मी काचेच्या भांड्यात करून पाहिलं. अकरा वेळा. नुसता काळा काढा.

सलील : आणि मला सांगायचं सोडून पातेलं घेऊन बाजारात गेलीस.

मुग्धा : प्लास्टिक जमलं नाही की तू जेवण सोडायचास. वाटलं, तोवर चांगला कोळसा सापडेल. फिर देर होती गई.

सलील : मी वहीतली खाडाखोडसुद्धा तुला दाखवायचो.

मुग्धा : उद्या समिती येतेय. खरं बोललास तर प्रकल्प बंद.

सलील : पातेलं टेबलावर ठेवीन. बाकी ते बोलेल.

मुग्धा : माझं नाव सांग. मी केलंय.

सलील : सांगेन. कल्हईवाल्याच्या नंतर.

मुग्धा : ठीक है.

सलील : एकच विचारतो. आपला शोधनिबंध छापायला घेतला, तेव्हा मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. कोळशाचं तेव्हा तुला माहीत होतं?

मुग्धा : हो.

सलील : मग दोन का घेतलेस?