निवासनं आखून ठेवलेली वाट

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. मोठ्यानं नको, मनातल्या मनात! आपल्या माणसाचं घर आपल्यापासून लांब असतं, ते कशामुळं लांब असतं?

डोंगरामुळं? नदीमुळं? अहो, भिंतीला भिंत लागलेल्या भावाकडं बारा बारा वर्षं पाय न टाकणारी माणसं मी बघितलीत. तिथं कुठला आलाय डोंगर? मग ऐका.

पाटणच्या खोऱ्यात नेरवाडी नावाचं गाव. तिथं हणमंत शेडगे यांची पिठाची गिरणी. माणूस सरळ, कुणाचं पसाभर पीठ जास्त घेणार नाही. पण ताठ! एकदा शब्द गेला की गेला. पाठची एकच बहीण, सुलोचना. सुली म्हणायचे तिला. ती दिली होती वर डोंगरात, पानेरीच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर. चार घरं, म्हशी आणि वारा. गाडीरस्ता नाही.

चौदा वर्षांपूर्वी श्रावणात आई गेली. सुलीला सांगावा धाडला. पाऊस म्हणजे कसा — कोसळत होता नुसता! एक दिवस वाट बघितली, मग अग्नी दिला. आणि तिसऱ्या दिवशी सुली दारात! ओलीचिंब. पायांना चिंध्या बांधलेल्या. हणमंत दारात आडवा उभा राहिला.

"आता कशाला आलीस? आई गेली, तिच्यासंगं तुझं माहेरबी गेलं!"

ती काहीतरी सांगायला लागली. यानं दार लावलं. मंडळी, पायांच्या चिंध्या दिसल्या होत्या हो त्याला! पण रागाच्या डोळ्याला चिंधी दिसते, जखम दिसत नाही.

झालं! चौदा वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही. घरात तिचं नाव काढायची सोय नाही. तिचा नवरा वारला, तेव्हासुद्धा हणमंत वर गेला नाही.

या हणमंतला एकच लेक — निवास. पशुखाद्याची पोती टेम्पोत घालून वाड्यावस्त्यांवर फिरायचा. हसरं पोर, बापाला अण्णा म्हणायचं. म्हशीचं दुखणं विचारता विचारता म्हातारीचं दुखणंही विचारणारं! तर गेल्या भाद्रपदात त्याला कावीळ झाली. उतरेल, उतरेल म्हणता म्हणता अकराव्या दिवशी पोरगं गेलं. सत्तावीस वर्षांचं!

… काय बोलायचं?

तीन महिने गिरणीचा पट्टा फिरला नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी हणमंतची बायको, कमल, निवासचा मोबाइल घेऊन त्याच्यासमोर बसली.

"अवो, यात त्यानं एक नकाशा ठेवलाय. बघा."

"ठेव तो तिकडं. मला बघवत न्हाई."

"बघा म्हणते ना!"

नकाशावर एक चांदणी होती, आणि चांदणीखाली लिहिलेलं — आत्तीचं घर.

कमल म्हणाली, "चार वरसं झाली, दर म्हैन्याला जायचा. मला ठावं हुतं. तुमास्नी सांगायची छाती झाली न्हाई माझी. आता तो गेल्याचं तिला कुणी सांगितलंय? वाट बघत बसली आसंल ती! माझं गुडघं धड असतं तर मीच गेले असते."

"वर रेंज कुठं हाय? नकाशा चालायचा कसा?"

आता मंडळी, तुमच्यातले पण काहीजण मोबाइल हातात घेऊन झाडावर चढतात रेंजसाठी! — हसू नका, मी पण चढलोय. पण निवासनं नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, खाली रेंज असताना. मग वर कंपनीचा टॉवर नसला तरी चालतं. आभाळात उपग्रह आहेत, तुम्ही कुठं उभे आहात ते त्यांच्याकडून फोनला समजतं. कमलनं पोराकडून शिकून घेतलं होतं. तिनं बोट ठेवून दाखवलं.

"हा निळा ठिपका म्हंजे तुमी. आन् ही तांबडी रेघ म्हंजे तो चालला ती वाट. चालता चालता फोनमधी उमटवून घेतलीया त्यानं. ठिपका रेघेवरनं बाजूला हलू द्यायचा न्हाई."

हणमंत निघाला. शेवटच्या गावापर्यंत वडापची, माणसं भरून नेणारी जीप मिळाली. पुढं पायवाट. फोनची रेंज गेली, पण निळा ठिपका जागा होता. एक पाऊल टाकलं की ठिपका रेघेवरून जरासा पुढं सरके.

मंडळी, बापाच्या पावलावर पाऊल ठेवून लेकानं चालावं, अशी जगाची रीत. इथं लेक पुढं निघून गेलाय आणि बाप त्याच्या पावलांवरून चाललाय!

रेघेवर जागोजागी निवासनं खुणा करून ठेवल्या होत्या. एका जागी लिहिलेलं — इथं घसरतं. खरंच, शेवाळलेला कातळ होता. हणमंत बसून उतरला. पुढं लिहिलेलं — गोड पाणी. दगडाच्या कपारीतून झरा! ओंजळीनं प्याला. पोरगं जसं काही बोट धरून नेत होतं.

मग लागला मोठा ओढा. पाणी कमी होतं, पण दोन्हीकडचे काठ पुरुषभर उंचीपर्यंत खरवडलेले. पावसाळ्यात इथून किती पाणी जात असेल, हे वाचायला नकाशा लागत नाही! हणमंत मधोमध थबकला. चौदा वर्षांपूर्वीचा श्रावण त्याला आठवला. ही पोरगी यातून आली कशी?

ओढ्यापलीकडं उभी चढण. पन्नाशी उलटलेला गडी, छाती भात्यासारखी हलायला लागली. आता काय, म्हणून त्यानं फोन बघितला. ठिपक्याच्या पुढ्यात एक खूण होती. तिथं निवासनं लिहिलं होतं — अण्णा इथं बसतील.

जांभळीखाली एक सपाट दगड होता.

समजलं का, मंडळी? पोरगं बापाला इथं आणणार होतं! कधीतरी समजूत घालून, हाताला धरून. बापाला दम कुठं लागेल, हेसुद्धा बघून ठेवलं होतं त्यानं. फक्त विचारायची हिंमत गोळा करत होतं. आणि तेवढ्यात दिवस संपले.

हणमंत त्या दगडावर बसला. मसणात रडला नव्हता, तो तिथं रडला. "निवास! आरं, एकदा तरी बोलायचं हुतंस!" असं ओरडला. पण बोलणार कसं? घरात बोलायची सोय ठेवली होती कुणी?

सड्यावर पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सुली शेण भरत होती. केस पिकलेले, वाकलेली. तिनं भावाला ओळखलं. हातातली पाटी खाली ठेवली. पण ती भावाकडं बघेना! त्याच्या खांद्यावरून मागं, वाटेकडं बघायला लागली.

"दादा? तू? … आन् निवास मागं ऱ्हायला व्हय? तीन म्हैनं झालं, फिरकला न्हाई. म्हटलं, रागावला का काय आत्तीवर!"

हणमंतनं खिशातला फोन बाहेर काढला.

"त्यानंच आणलं न्हवं तुला? म्हणायचा, आत्ती, अण्णाला आणतोच बघ एक दिस. कुठाय?"

"त्यानंच आणलं, सुले," हणमंत म्हणाला, आणि फोन पुढं केला. "पर तो न्हाई आला. तो आता कुठंच यायचा न्हाई."

सुलीनं फोनकडं बघितलं. भावाच्या डोळ्यांकडं बघितलं. मटकन खाली बसली. बराच वेळ जमिनीवर हात फिरवत राहिली, जसं लेकराला थोपटतात.

हणमंत तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "आईच्या येळंला तू उशिरा आलीस…"

"वढा भरला हुता, दादा. दीड दिस पल्याड बसून काढला. पाणी उतरंना, म्हून वरच्या अंगानं जंगलातनं आले. तेच सांगत हुते तुला."

"मी ऐकलंच न्हाई."

"न्हाई ऐकलंस," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं ती बोलली नाही, मंडळी, आणि मी खोटं सांगणार नाही. पण तिनं उठून त्याला पाणी दिलं. भाकरी केली. सकाळी म्हशी शेजारणीवर सोपवल्या आणि लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "चल. वैनी एकटी आसंल."

चौदा वर्षांनी माहेराला निघाली हो ती! कशासाठी? भाच्याच्या फोटोपुढं डोकं टेकायला. ती पुढं, तो मागं. जांभळीखालच्या दगडापाशी दोघंही बसले नाहीत. बसवेना.

आता मंडळी, माझ्याकडं बघा. हणमंतला आज सगळे म्हणतात, बहीण तरी मिळाली! मिळाली, पण केवढ्याला? वाट चौदा वर्षं तिथंच होती. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत पोचण्यासारखी! ती चालायला त्याला लेक घालवावा लागला.

तुम्ही इथं बसलात, तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आत्ता एक नाव आलंय. आलंय ना? मला सांगू नका, शेजाऱ्याला सांगू नका. त्या माणसानं तुम्हाला काहीतरी सांगायचं ठेवलंय, आणि तुम्ही दार लावलंय. तुमच्या घरातलं एखादं लेकरू गुपचूप त्या दारापर्यंत जाऊन येत असेल, तुम्ही कुठं दमाल ते बघून ठेवत असेल. त्याला सगळी वाट आखायला लावू नका. ते असताना त्याला म्हणा, चल रे बाबा, दोघं जाऊ.

उचला आता टाळ. आणि हळू म्हणा, आज आवाज फार चढवू नका — विठ्ठल, विठ्ठल…